हँडल अर्धं सोडू नका: पाइपलाइनवर नव्याने आलेल्यांसाठी बॉल व्हॉल्व्ह

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला नवीन लागलो होतो. कूलिंग वॉटरच्या दोन इंची लाइनला पाणी जरा जास्त येतंय असं ऑपरेटर म्हणाला, म्हणून मी बॉल व्हॉल्व्हचं हँडल तिरपं करून मधोमध आणून ठेवलं. पाणी हवं तेवढं झालं. ऑपरेटर खूश, मीही खूश. तीन-चार महिन्यांनी पुढच्या हीट एक्स्चेंजरचं गॅस्केट (जोडातून गळू नये म्हणून बसवलेली चकती) बदलायची वेळ आली. व्हॉल्व्ह बंद केला तर पाणी थांबेचना. हँडल शेवटपर्यंत गेलेलं, तरी फ्लँज (पाइपाच्या टोकाची बोल्टांनी जोडायची कड) सैल करताच धार सुरू. शेवटी पंप थांबवून अख्खी लाइन रिकामी केली आणि तासाभराचं काम दुसऱ्या शिफ्टवर गेलं.

आमच्याकडे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांनी तो व्हॉल्व्ह खोलला आणि आतली पांढरी रिंग माझ्या हातावर ठेवली. एका बाजूने ती उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी झाली होती. "हा काय घरचा नळ आहे का रे, थोडा उघडा थोडा बंद ठेवायला?" एवढंच बोलले आणि चहाला गेले.

ती रिंग का कुरतडली गेली हे नीट समजायला मला बराच काळ लागला. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या भागात आयटीआय किंवा डिप्लोमा करून पहिल्यांदाच लाइनवर उभ्या राहणाऱ्यांना तेवढा वेळ लागू नये, म्हणून हे लिहितोय.

पहिली पायरी: एक व्हॉल्व्ह खोलून बघा

कुठल्याही मेंटेनन्स शॉपमध्ये भंगारात काढलेले व्हॉल्व्ह पडलेले असतात. त्यातला एक इंची, तीन तुकड्यांचा बॉल व्हॉल्व्ह मागून घ्या. तीन तुकड्यांचा म्हणजे मधला बॉडीचा भाग वेगळा, दोन्ही बाजूंची टोकं वेगळी आणि चार लांब बोल्टांनी सगळं आवळलेलं. बोल्ट काढले की मधला भाग सुटून हातात येतो.

आत काय दिसेल? आरपार भोक असलेला चकचकीत गोळा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरी रिंग, ती सीट. गोळ्याच्या डोक्यावर एक खाच आणि त्या खाचेत जीभ घालून वर गेलेला दांडा, तो स्टेम. स्टेमभोवती गळती अडवणारं ग्लँड पॅकिंग, वर नट आणि त्यावर हँडल. संपलं. जुनी मंडळी याला नुसतं 'कॉक' म्हणतात, त्यामुळे "तो वरचा कॉक मार", म्हणजे बंद कर, असं ऐकू आलं तर गोंधळू नका.

हँडल पाइपाच्या रेषेत असलं की गोळ्यातलं भोक पाइपाच्या रेषेत येतं आणि लाइन उघडी असते. हँडल पाइपाला आडवं असलं की भोकही आडवं, लाइन बंद. उघड्यापासून बंदपर्यंत फक्त ९० अंश, म्हणजे पाव फेरा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की बंद. मात्र हँडलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दुरुस्तीनंतर कुणी ते चुकीच्या बाजूने बसवलेलं असतं, किंवा हँडल गायबच असतं आणि पान्याने काम चाललेलं असतं. बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये स्टेमच्या डोक्यावर रेघ कोरलेली असते. ती भोकाची खरी दिशा सांगते.

आता तो गोळा बोटाने हलवून बघा. सीटांच्या मध्ये तो किंचित मागेपुढे होतो. हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेली ढिलाई आहे. अशा गोळ्याला फ्लोटिंग बॉल म्हणतात. व्हॉल्व्ह बंद असताना लाइनचा दाब गोळ्याला मागून ढकलतो आणि तो पुढच्या सीटवर जाऊन दाबून बसतो. दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट. म्हणून कधीकधी उलटाच अनुभव येतो: सहा बारला ठणठणीत कोरडा राहणारा व्हॉल्व्ह अर्ध्या बारला थेंब टाकतो.

हा ढकलण्याचा जोर किती असतो याचा हिशोब एकदा स्वतः करून बघावा. ५० मिमीच्या भोकावर १० बार दाब असेल तर सुमारे २०० किलोचा भार पडतो. तेवढा भार पातळ सीट सहज पेलते. पण २०० मिमीचा व्हॉल्व्ह आणि २० बार दाब घेतला, तर भार सहा टनांच्या वर जातो. एवढा भार सीटवर टाकला तर सीट चपटी होईल आणि हँडल फिरवायला पैलवान आणावा लागेल. म्हणून मोठ्या मापाला आणि चढ्या दाबाला गोळा खालीवर खुंटीत अडकवलेला असतो. तो ट्रुनियन बॉल. तिथे गोळा जागचा हलत नाही, उलट स्प्रिंगवर बसवलेल्या सीटा पुढे सरकून त्याला टेकतात.

दुसरी पायरी: अंगावर काय लिहिलंय ते वाचा

व्हॉल्व्हच्या बॉडीवर उठावाची अक्षरं असतात. नवा माणूस ती वाचत नाही. वाचायची सवय लावा, कारण स्टोअरमधून चुकीचा व्हॉल्व्ह येतो तो इथेच पकडता येतो. 'डब्ल्यूसीबी' म्हणजे ओतीव कार्बन स्टील. 'सीएफ८' म्हणजे ३०४ जातीचं स्टेनलेस, 'सीएफ८एम' म्हणजे ३१६. दिसायला दोन्ही स्टेनलेस सारखीच, पण क्लोराइड असलेल्या पाण्याला किंवा रसायनाला ३०४ चालेलच असं नाही.

पुढे एखादा आकडा असतो: १५०, ३००, ८००. हा क्लास आहे, थेट दाब नव्हे. इथे हमखास घसरायला होतं. क्लास १५० च्या डब्ल्यूसीबी बॉडीला ३८ अंश सेल्सियसपर्यंत १९.६ बार चालतात. तीच बॉडी २०० अंशांना १३.८ बारच घेते. तापमान चढलं की लोखंडाची ताकद उतरते, म्हणून क्लास नेहमी तापमानाच्या तक्त्यासोबत वाचायचा. स्क्रूच्या लहान व्हॉल्व्हवर 'डब्ल्यूओजी १०००' असं असतं. त्याचा अर्थ थंड पाणी, तेल किंवा वायूसाठी १००० पीएसआय, म्हणजे साधारण ६९ बार. हा आकडा बघून तो व्हॉल्व्ह स्टीमवर लावणारे मी पाहिले आहेत.

कारण बॉडी टिकली तरी सीट टिकायला हवी. नेहमीची सीट पीटीएफईची, म्हणजे आपल्या बोलीतल्या टेफ्लॉनची. हा पदार्थ १९३८ साली अमेरिकेत फ्रिजसाठी लागणाऱ्या वायूंवर काम करताना अपघाताने सापडला: सिलिंडरमधून वायू येईना, म्हणून तो कापून पाहिला तर आत पांढरी पावडर. जवळजवळ कुठलंच रसायन त्याला खात नाही आणि घसरण तर अशी की गोळा लोण्यासारखा फिरतो. पण दोन खोडी आहेत. तापमान २०० अंशांच्या आसपास गेलं की त्याच्या अंगात दाब सोसायची ताकद राहत नाही. आणि सतत दाबाखाली ठेवला तर थंड असतानाही तो हळूहळू सरकतो, जसं कणीक पोळपाटावर पसरते. दुसरी खोड लक्षात ठेवा, कुरतडलेल्या रिंगेचं उत्तर तिच्यात आहे.

स्टीमची गोष्ट आलीच आहे तर: ७ बार गेज दाबाची संपृक्त वाफ साधारण १७० अंशांची असते आणि १० बारची १८४. म्हणजे साधी टेफ्लॉन सीट तिथे काठावरच उभी असते. कार्बन किंवा काचतंतू मिसळलेली सीट, पीक (पीईईके नावाचं उष्णता सोसणारं प्लास्टिक) किंवा मेटल सीट लागते. शिवाय बॉयलरच्या स्टीम लाइनवरच्या व्हॉल्व्हला आयबीआरचा, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांचा, फॉर्म तीन-सी हा दाखला लागतो. माझं विचाराल तर, स्टीमचा मुख्य व्हॉल्व्ह पिस्टन किंवा ग्लोब जातीचाच, म्हणजे चाकाचे बरेच फेरे देऊन सावकाश उघडणारा असावा. पाव फेऱ्यात सटकन उघडणारी कुठलीही गोष्ट थंड स्टीम लाइनवर मला नको वाटते.

राहिला बोअर. फुल बोअरमध्ये गोळ्याचं भोक पाइपाएवढंच असतं, रिड्यूस्डमध्ये साधारण एक माप लहान. रिड्यूस्ड स्वस्त आणि हलका पडतो आणि कारखान्यातल्या पाण्याच्या, हवेच्या लाइनला बहुतेकदा पुरतो. फुल बोअर कुठे अडवूनच लागतो याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मुंबईहून मनमाडजवळच्या पानेवाडीला पेट्रोलियमची पाइपलाइन येते. अशा लांब पल्ल्याच्या लाइन साफ करायला आणि आतून तपासायला 'पिग' नावाचं यंत्र प्रवाहाबरोबर पाइपातून पाठवतात. वाटेतल्या व्हॉल्व्हचं भोक बारीक असेल तर पिग तिथेच अडकून बसेल.

तिसरी पायरी: हँडल फिरतं तेव्हा प्रवाहाचं काय होतं

हाच या लेखाचा गाभा आहे, इथे घाई करू नका.

तो खोललेला व्हॉल्व्ह पुन्हा जोडा, उजेडासमोर धरा आणि हँडल हळूहळू फिरवत भोकातून बघा. बंद अवस्थेपासून पहिले काही अंश काहीच दिसत नाही, कारण गोळ्याच्या भोकाची कड अजून सीटच्या आडच असते. मग एक बारीक फट उगवते. तिचा आकार बदामासारखा: दोन वर्तुळं एकमेकांवर थोडीशी चढली की मध्ये जे उरतं ते. हँडल फिरेल तसा बदाम फुगत जातो आणि शेवटी पूर्ण गोल होतो.

बघताना वाटतं की अर्धं हँडल म्हणजे अर्धा प्रवाह. तसं होत नाही. व्हॉल्व्ह एकटा टेबलावर असेल तर अर्ध्या हँडलला त्याची क्षमता निम्म्याहून बरीच कमी असते. लाइनमध्ये बसवला की चित्र पुन्हा पालटतं, कारण तिथे तो एकटा नसतो. पाइप, एल्बो, एक्स्चेंजर, स्ट्रेनर सगळेच प्रवाहाला अडवतात.

आकड्यात बघू. व्हॉल्व्हची क्षमता 'केव्ही' या आकड्याने मोजतात. व्हॉल्व्हवर एक बार दाब खर्च झाला तर तासाला किती घनमीटर पाणी जाईल, तो केव्ही. सूत्र सोपं आहे: पाण्यासाठी प्रवाह म्हणजे केव्ही गुणिले दाबघटीचं वर्गमूळ. केव्ही १०० असेल आणि तासाला २० घनमीटर पाणी जात असेल, तर व्हॉल्व्हवर पडणारी दाबघट ०.२ चा वर्ग, म्हणजे अवघे ०.०४ बार. उघडा बॉल व्हॉल्व्ह पाण्याला जवळजवळ जाणवतच नाही.

आता समजा एका लाइनमध्ये एकूण दाबघट १०० भाग आहे. त्यातले ९९ भाग पाइप आणि उपकरणांवर पडतात, फक्त एक भाग उघड्या व्हॉल्व्हवर. तुम्ही हँडल इतकं फिरवलं की व्हॉल्व्हचा केव्ही दहावा हिस्साच उरला. म्हणजे त्याचा अडथळा शंभरपट झाला: एकाचा शंभर. एकूण अडथळा ९९ अधिक १००, म्हणजे १९९. उपलब्ध दाब तेवढाच धरला तर प्रवाह १०० भागिले १९९ च्या वर्गमुळाएवढा राहतो: ७१ टक्के! व्हॉल्व्हने आपली नव्वद टक्के क्षमता गमावली, तरी पाणी जेमतेम २९ टक्क्यांनी कमी झालं.

वहीत हा हिशोब मांडला तेव्हा मला माझी चूक उमगली. हँडल पूर्ण उघड्यापासून निम्मं फिरेपर्यंत फारसं काही घडत नाही. प्रवाहातला खरा फरक बंद होण्याआधीच्या शेवटच्या थोड्या अंशांत पडतो. तिथे हँडल केसभर हललं तरी पाणी खूप बदलतं. अशा जागी प्रवाह 'सेट' करणं म्हणजे एसटीच्या स्टिअरिंगने घड्याळाचे काटे लावण्यासारखं आहे.

रिंगेचं काय झालं तेही आता कळेल. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमध्ये त्या बदामाच्या फटीतून पाणी वेगाने, एका कडेने सुटतं आणि पुढच्या सीटच्या एकाच भागावर आदळत राहतं. पाण्यात गाळ असेल, आणि पावसाळ्यात कच्च्या पाण्याला तो असतोच, तर हे सॅंड ब्लास्टिंगच, म्हणजे वाळूचा माराच झाला. दुसरीकडे सीटच्या ज्या भागाला गोळ्याचा आधार उरलेला नसतो, तिथलं टेफ्लॉन हळूहळू भोकात सरकतं. तीच ती कणकेची खोड. तीन महिन्यांनी हँडल बंद केलं की भोकाची धारदार कड तो पुढे आलेला भाग तासून काढते. दाबघट फार असेल तर तिसरंही एक दुखणं आहे: फटीत पाण्याचा दाब इतका पडतो की त्याची वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि पुढे दाब सावरताच ते फुटतात. पाइपात खडी वाहतेय असा आवाज येतो. हे कॅव्हिटेशन. ते टेफ्लॉनच काय, स्टीललाही खड्डे पाडतं.

चौथी पायरी: प्रवाह खरंच नियंत्रित करायचा असेल तर

सगळ्यात स्वस्त उपाय: बॉल व्हॉल्व्ह फक्त उघडा-बंद करायला ठेवा आणि त्याच्या पुढे एक ग्लोब व्हॉल्व्ह टाका. ग्लोबचं चाक कितीतरी फेरे फिरतं, त्यामुळे पाणी हवं तसं बारीक करता येतं. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) असेल तर पंपाचा वेगच कमी करा. व्हॉल्व्हमध्ये दाब मारून वीज वाया घालवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

बॉल व्हॉल्व्हनेच नियंत्रण हवं असेल तर व्ही-पोर्ट मागवा. त्यात गोळ्याला किंवा सीटला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते. कोन ३०, ६० किंवा ९० अंशांचा. उघडताना आधी खाचेचं टोक उघडतं, मग ती रुंद होत जाते, त्यामुळे हँडलच्या प्रत्येक अंशाला काही अर्थ येतो. कागदाच्या लगद्यासारख्या तंतूंच्या मालाला तर हाच हवा, खाचेची कड तंतू कापत बंद होते. याच्यावर हवेवर चालणारा ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह फिरवणारं यंत्र) आणि पोझिशनर (तो किती फिरवायचा हे ठरवणारा) बसवला की कंट्रोल रूममधून येणाऱ्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलप्रमाणे तो हवा तेवढा उघडतो. नुसता उघडा-बंद करायचा असेल तर पोझिशनरची गरज नाही, सोलेनॉइड (विजेवर हवा सोडणारा-अडवणारा छोटा व्हॉल्व्ह) पुरतो. स्प्रिंग रिटर्न, म्हणजे हवा गेली की स्प्रिंगने परत फिरणारा, ॲक्च्युएटर मागवताना मात्र एक प्रश्न विचाराच: हवा गेली तर व्हॉल्व्ह कुठल्या स्थितीत जायला हवा? भट्टीच्या इंधनाला बंद, कूलिंग वॉटरला बहुधा उघडा. उत्तर प्रोसेसवाल्याकडून लेखी घ्या.

पाचवी पायरी: बसवताना

स्क्रूचा व्हॉल्व्ह असेल तर आधी आटे तपासा. बीएसपी आणि एनपीटी हे दोन प्रकार अर्धा आणि पाऊण इंचीत फसवतात, कारण दोन्हींत इंचाला १४ आटे असतात. त्यामुळे सुरुवातीला ते एकमेकांत छान फिरतात. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६० अंश. कितीही टेप गुंडाळा, गळणारच. टेप पाइपाच्या टोकाकडे बघत घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर टेपेची चिंधी आत जाऊन सीटवर बसते. पाना ज्या बाजूला पाइप आवळताय त्याच बाजूच्या षटकोनावर लावा. दोन तुकड्यांच्या व्हॉल्व्हमध्ये पलीकडचा षटकोन धरला तर बॉडीचाच जोड फिरतो आणि नवाकोरा व्हॉल्व्ह कमरेतून गळू लागतो.

फ्लँजचा असेल तर दोन फ्लँज आधी समांतर यायला हवेत. बोल्ट ओढून पाइप जवळ आणायचा नाही, तो ताण कायमचा व्हॉल्व्हच्या अंगावर राहतो. बोल्ट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. क्लास १५० च्या दोन इंचीला चार बोल्ट, चार इंचीला आठ.

वेल्डिंगचा असेल तर तीन तुकड्यांचा व्हॉल्व्ह घ्या. उघड्या अवस्थेत जागेवर टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, मारा, मग मधला भाग काढून बाजूला ठेवा, वेल्ड पूर्ण करा, थंड होऊ द्या आणि मगच मधला भाग परत बसवा. वेल्डरला अर्थिंग त्याच पाइपावर लावायला सांगा. करंट गोळ्यातून गेला की त्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर डाग पडतात आणि त्या डागांवर सीट फाटते.

सॉल्व्हंटची लाइन असेल तर व्हॉल्व्ह अँटिस्टॅटिक आहे ना हे बघा. गोळा टेफ्लॉनमध्ये बसलेला असल्याने तो बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेला असतो आणि त्यावर स्थिर वीज साठते. ती उतरवायला स्टेममध्ये स्प्रिंगवरचा एक छोटा छर्रा असतो. आणि स्टेम आतून घातलेला, खांद्याचा असावा. बाहेरून घातलेला स्टेम ग्लँड सैल होताच गोळीसारखा बाहेर येऊ शकतो.

सगळं जोडून झालं की लगेच हँडल फिरवून बघायचा मोह होतो. थांबा. नव्या लाइनमध्ये वेल्डिंगचे मणी, गंज, बुरादा, कधी विडीचं थोटूकही असतं. आधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून लाइन भरपूर पाण्याने किंवा हवेने फ्लश करा. माझ्या पाहण्यातले निम्मे 'नवीन असून गळतोय' व्हॉल्व्ह या पहिल्याच चुकीच्या फिरवण्याने खराब झालेले होते.

सहावी पायरी: चालवताना

हळू. पाव फेऱ्याची सोय हाच याचा धोका आहे. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहत असताना व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाण्याचा लोंढा जागीच थांबतो आणि दाबाची लाट मागे धावते. स्टीलच्या पाइपात ही लाट सेकंदाला साधारण १२०० मीटर जाते. घनता १०००, गुणिले १२००, गुणिले २: चोवीस लाख पास्कल, म्हणजे २४ बार, तेही लाइनच्या मूळ दाबावर वाढीव. मघाचा क्लास १५० चा १९.६ चा आकडा आठवा. लाट पंपापर्यंत जाऊन परत येण्याआधी व्हॉल्व्ह बंद झाला तर हा पूर्ण फटका बसतो. ३०० मीटरच्या लाइनला तो वेळ अर्धा सेकंद. तुम्ही म्हणाल, मी तर दोन सेकंदांत बंद केला. पण प्रवाह तुटतो तो शेवटच्या थोड्या अंशांत, हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणजे खरं बंद होणं त्या अर्ध्या सेकंदातच उरकतं. म्हणून सुरुवातीचं हँडल भराभर फिरलं तरी चालेल, शेवटचा एक-तृतीयांश भाग मात्र अगदी सावकाश.

ऑक्सिजनच्या चढ्या दाबाच्या लाइनवर तर झटकन उघडणारा व्हॉल्व्ह ठेवतच नाहीत. वायू एकदम दाबला गेला की इतका तापतो की सीट पेट घेऊ शकते.

महिन्यातून एकदा तरी प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रोसेसवाल्यांना विचारून, पूर्ण फिरवा. बोअरवेलच्या जड पाण्यावर वर्षभर न हललेल्या गोळ्यावर क्षार बसतात आणि ऐन वेळी तो चिकटलेला सापडतो. मग कुणीतरी हँडलला दोन फुटी पाइप घालून जोर लावतो आणि स्टेमची जीभ तुटते. हँडल फिरलं, गोळा तिथेच. यापेक्षा घातक अवस्था नाही, कारण बाहेरून व्हॉल्व्ह बंद दिसतो.

स्टेमजवळ थेंब दिसला तर ग्लँड नट अष्टमांश फेरा आवळा आणि बघा. एकदम पिळू नका. लाइन बंद असून पुढे पाणी येत असेल तर ती सीटची गळती, तिला बाहेरून औषध नाही, सीट किट बदला.

नाशिकला वाइनची राजधानी म्हणतात, तेव्हा तुमच्यातले काही वायनरीत किंवा डेअरीत लागतील. तिथे एक वेगळाच त्रास आहे. गोळा आणि बॉडी यांच्यामध्ये एक पोकळी असते आणि व्हॉल्व्ह फिरताना थोडा माल तिथे अडकतो. जानेवारी ते मार्चच्या हंगामात द्राक्षाचा रस सालींसकट लाइनमधून जातो, तो या पोकळीत आंबत राहतो आणि बाहेरून कितीही धुतलं तरी निघत नाही. म्हणून खाद्य कामाला पोकळी भरून काढणाऱ्या सीटचे, क्लँपने चटकन सुटणारे व्हॉल्व्ह घेतात आणि ते वेळोवेळी खोलून धुतात.

शेवटची पायरी: काढताना

ही पोकळी फक्त वायनरीवाल्यांची डोकेदुखी नाही. व्हॉल्व्ह बंद करून तुम्ही दोन्हीकडची लाइन रिकामी केलीत, गेज शून्यावर आला. तरी गोळ्याभोवतीच्या पोकळीत आणि गोळ्याच्या भोकात मघाचा माल, मघाच्याच दाबाने बंद असू शकतो. ॲसिड असेल तर ॲसिड, गरम तेल असेल तर गरम तेल. बॉडीचे बोल्ट सैल करणाऱ्याच्या तोंडावर ते उडतं.

म्हणून क्रम असा. कामाचं परमिट (लेखी परवानगी) घ्या. मागचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप आणि टॅग लावा, पंपाचा स्विचही कुलपात. लाइनचा दाब ड्रेनमधून काढा आणि ड्रेन उघडाच राहू द्या. गॉगल, फेसशील्ड, हातमोजे. मग जो व्हॉल्व्ह काढायचा आहे त्याचं हँडल फिरवून मधोमध, पंचेचाळीस अंशांवर आणा, म्हणजे पोकळी आणि भोक दोन्ही रिकाम्या लाइनकडे मोकळी होतात. आतला फुसकारा ऐकू येतो कधीकधी. तो थांबला आणि ड्रेनची धारही थांबली की अंगापासून लांबच्या बाजूचा बोल्ट आधी सैल करा.

काकांनी त्या दिवशी खोलायला घेतला तेव्हा हँडल अर्ध्यावर आणून ठेवलं होतं. मला वाटलं होतं, माझी चूक दाखवायला ठेवलंय.